‘सॉल्ट ट्रक’चं दुसरं कडवं

१६ जून, शुक्रवार

विक थांबला. ‘सॉल्ट ट्रक’च्या दुसऱ्या कडव्यात, भर गाण्यात! मागे बँड वाजतोय आणि हा माइकपुढे नुसता उभा.

आधी वाटलं, लोकांकडून गाऊन घेतोय. पण माइक आमच्याकडे फिरवला नाही. किल्ल्या हरवल्या की आमचा नवरा, वॉल्ट, खिसे चाचपतो ना, तसा चेहरा. फेब्रुवारीत त्याला मेंदूचा झटका येऊन गेला तेव्हा पेपरात आलं होतं — हातपाय ठीक, आवाज ठीक, फक्त शब्द कधीकधी निसटतात. आम्ही वाचलं आणि सोडून दिलं. विक टोलनचे शब्द निसटतील? तेही ‘सॉल्ट ट्रक’चे? आमच्या लोरेन गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते गाणं म्हणतं.

त्याची नजर स्टेजपुढच्या कठड्यावरून फिरली. एकेक चेहरा बघत आली आणि माझ्यावर थांबली. माझे ओठ चालूच होते, ते कधी बंद असतात! त्याने माझ्या तोंडावरून ओळ उचलली आणि गायला. ‘दार वाजवलं, गाव झोपलं होतं.’ मग पुढची. मग त्याच्या पुढची. कडवं संपेपर्यंत डोळे माझ्या तोंडावर.

गाडीतच बसून लिहितेय. अक्षर काय आलंय!

१७ जून

वॉल्टला सांगितलं. तो गवत कापायच्या यंत्राखाली आडवा झाला होता. तिथूनच म्हणाला, “इतकी वर्षं तू त्याच्या तोंडाकडे बघतेस. एक दिवस त्याने बघितलं तर एवढं काय?”

मैत्रिणीला, बर्नीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न — “तू आवाज नाही ना काढलास? टेप स्वच्छ आलीय.”

अशी माझी माणसं.

२४ जून, शनिवार

व्हर्मिलियन. मासे-महोत्सव. सकाळीच जाऊन रांग लावली. बर्नीने नेहमीप्रमाणे मार्करने सगळ्यांच्या हातावर नंबर टाकले, स्वतःला एक आणि मला दोन. एक नवीन मुलगी म्हणाली, हा नियम कुणी केला? बर्नी म्हणाली, “मी. तुझ्या जन्माआधी.”

आज विक दोनदा अडला. दोन्ही वेळा सरळ माझ्याकडे. आता शोधावं लागलं नाही.

कार्यक्रम संपला. मी तळलेले पर्च मासे घ्यायच्या रांगेत उभी, तर मागून कुणी खांद्याला हात लावला. टेस, विकची मुलगी. त्याच्या दौऱ्यांचं सगळं तीच बघते. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत म्हणाली, “बाबांना. तुम्हाला. भेटायचंय.”

मी म्हटलं, “चल की.”

ती दोन पावलं मागे सरकली. “तुम्हाला बोलता येतं?”

घ्या! इतकी वर्षं विकचा अख्खा बँड मला मुकी-बहिरी समजत होता. आपसात माझं नावच ‘मुकी मावशी’. पहिल्या रांगेत येते, तोंड हलवते, आवाज नाही. बिचारी ऐकू येत नसून येते! ड्रमवाला म्हणे दर वर्षी माझ्यासाठी जरा जोरात बडवायचा, मला छातीत तरी जाणवावं म्हणून.

विक बँडच्या बसच्या पायरीवर बसला होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. जवळून म्हातारा दिसतो. मला माझ्याच वयाचं भान आलं. म्हणाला, “मग आवाज का काढत नाहीस?”

सांगून टाकलं. बर्नी टोपीत माइक लपवून गाणी भरते, चौऱ्याऐंशीपासून. विकायला नाही, आपसात ऐकायला. तिच्या शेजारी उभं राहायचं तर एकच अट — गायचं ते ओठांनी. माझा आवाज टेपवर आला तर मैत्री संपली. म्हणून मी न गाता गायला शिकले. ओठ मोठे, स्पष्ट, आवाज शून्य.

वाटलं, चिडेल. परवानगी न घेता भरलेली गाणी ती. तर हसून हसून बर्फाची पिशवी खाली पडली. “ती टोपीवाली ठेंगणी! मला वाटायचं तिला टक्कल आहे.”

मग पिशवी उचलून परत गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, “टेस म्हणते समोर स्क्रीन लावू, शब्द लिहिलेली. बातम्या वाचणाऱ्यांसारखी. मी म्हटलं, त्यापेक्षा घरी बसतो. मार्लीन — मार्लीनच ना? या उन्हाळ्यात सगळ्या कार्यक्रमांना येशील? माइकच्या जरा डावीकडे उभी राहा. तिकडून उजेड चांगला पडतो.”

येशील का विचारतोय! मी कधी नव्हते?

२ जुलै

विक टोलन आमच्या घरी जेवला. वाक्य लिहून तीनदा वाचलं.

मी दोन दिवस घर घासत होते. तर तो मागच्या दाराने आला, पायऱ्यांवरच बसला. माझ्या परसातला टोमॅटो तोडला, शर्टाला पुसला आणि मीठ मागितलं. वॉल्टने केलेले कोबीचे रोल चार खाल्ले. मग दोघं त्या यंत्राच्या ब्लेडवर बोलत बसले — तासभर! मी काय काय विचारायचं ठरवलं होतं. दुसऱ्या रेकॉर्डवरची ती शिटी कुणाची? तिसऱ्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन का नाही? मला एक वाक्य मिळालं तर शपथ.

शेवटी घुसलेच. म्हटलं, ‘सॉल्ट ट्रक’ माझं सगळ्यात आवडतं गाणं. आई गेली त्या हिवाळ्यात तेच ऐकत होते. गावाच्या दारातून परत फिरलेला तो माणूस, बर्फातून एकटा चाललेला, आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत येणारा तो ट्रक...

विक म्हणाला, “मला नाही आवडत ते गाणं.” आणि वॉल्टला विचारलं, “तेल कुठलं घालतोस?”

गेल्यावर वॉल्ट म्हणाला, “चांगला माणूस आहे. गातो का?”

मुद्दाम बोलतो हा. मला चिडवायला.

८ जुलै

आज एकदाही अडला नाही. बरं वाटायला हवं. वाटलंच नाही. स्वतःचीच लाज वाटली.

नंतर बसजवळ त्याने हाक मारली, “काय, आज सुट्टी मिळाली ना?” म्हणजे त्याला कळलं होतं.

१४ जुलै

विकचा फोन! दुपारी. काही कारण नाही. त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलला, बँक त्याला अजून दर वर्षी दिनदर्शिका पाठवते त्याबद्दल बोलला. मध्येच एक शब्द अडला. ‘कुंपण’. मी तोंडात देऊ लागले, तर म्हणाला, “थांब. फोनवर तुझे ओठ दिसत नाहीत, तेवढा वेळ दे.” थांबले. आला शब्द.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज गाण्यांबद्दल मी काहीच विचारलं नाही. मनातही आलं नाही.

१९ जुलै

आठवडाभर संध्याकाळी बर्नीकडे. तिचं घर म्हणजे कॅसेटांचं कोठार, बसायला एक खुर्ची. ती जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवतेय. आज ‘ओल्ड डॉक’ बारमधल्या, चौऱ्याऐंशीच्या. रेकॉर्ड निघायच्या आधीच्या! तेव्हा बास-गिटार विकचा धाकटा भाऊ वाजवायचा, डॅनी. केस खांद्यापर्यंत, मान खाली. रेकॉर्ड यायच्या आधीच बँड सोडून गेला. दोघं परत बोलले नाहीत म्हणतात. का ते कुणालाच माहीत नाही, आणि आम्हा लोकांना जे माहीत नसतं त्यावर आम्ही भरपूर बोलतो.

तेव्हा ‘सॉल्ट ट्रक’च्या दुसऱ्या कडव्यात ओळ वेगळी होती. ‘दार वाजवलं, डॅनी झोपला होता.’ रेकॉर्डवर डॅनीचं गाव झालं. हे आमच्यासारख्या चारदोन वेड्यांनाच ठाऊक.

त्या ओळीला टेपमध्ये बासचा आवाज गायब होतो. एका ओळीपुरता. बर्नीच्या तिन्ही टेपांत तसंच. तिचं पहिलं मशीन, त्यात दोष होता. टेप जमवणारी मंडळी अजून तिला त्यावरून टोमणे मारतात आणि ती अजून लाल होते.

सारखं सारखं ऐकलं. सोनं आहे ते.

२२ जुलै, शनिवार

हात दाखवून अवलक्षण!

नॉरवॉकची जत्रा. डुकरांची शर्यत संपली आणि विक आला. सगळं छान. ‘सॉल्ट ट्रक’. दुसरं कडवं. तो अडला. माझ्याकडे बघितलं, आता अगदी आरामात बघतो, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसा. आणि माझे ओठ... आठवडाभर कानात तीच टेप. मी म्हटलं, ‘दार वाजवलं, डॅनी झोपला होता.’

त्याने माझ्यावर विश्वास ठेवून गायलं. जसंच्या तसं. ‘डॅनी’ माइकमधून अख्ख्या मैदानावर गेला. मग त्याला ऐकू आलं आपण काय गायलो ते.

गाणं पुरं केलं त्याने. पण परत माझ्याकडे बघितलं नाही. त्या गाण्यात नाही, नंतरच्या एकाही गाण्यात नाही. बसचं दार बंद. टेस बाहेर आली, हळूच म्हणाली, “डॅनीकाकाचं नाव बाबांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. आज नको, मार्लीन. आज घरी जा.”

मला कमी माहीत असतं तर हे झालंच नसतं. साधी रेकॉर्ड ऐकणारी कुठलीही बाई बरोबर सांगू शकली असती.

२३ जुलै

कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ टाकलाय. फॅन मंडळी नाचताहेत — जुनी ओळ परत आली! कुणी लिहिलंय, विकने मुद्दाम गायली, आमच्यासाठी. मी गप्प.

२५ जुलै

फोन नाही.

२९ जुलै, शनिवार

स्क्रीन लावली.

माइकच्या पायाशी, काळी, जेवणाच्या ताटाएवढी. विक खाली बघून गातो. एकही शब्द चुकला नाही. आणि गाण्यात जीव नाही, अजिबात. मागची मंडळी पिझ्झा आणायला उठून गेली. विकच्या गाण्यात कुणी पिझ्झा आणायला उठलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

मी डावीकडे, उजेड चांगला पडतो तिथे उभी होते. ओठ हलवत. कुणासाठी ते माहीत नाही.

टेस भेटली. म्हणाली, सव्वीस ऑगस्टला लोरेनचा कार्यक्रम झाला की बाबा बंद करणार. “म्हणतात, पेपर वाचूनच दाखवायचा तर लोक घरी वाचतील.” तिचे डोळे भरले. माझेही.

एका चुकीत दोन गोष्टी घालवल्या मी. त्याचं गाणं आणि माझा मित्र. कुठली आधी लिहायची ते ठरवता आलं नाही, म्हणून एकाच ओळीत.

३ ऑगस्ट

वॉल्ट म्हणतो, “माफी माग.”

मी — कशी मागू? फोन उचलत नाही.

वॉल्ट — “मग जेवण पाठव. जेवण कुणी परत पाठवत नाही.”

कोबीचे रोल केले त्याने. भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि स्वतः गाडी घेऊन विककडे देऊन आला. मला गाडीत बसू दिलं नाही. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणे, “यंत्र आता चांगलं चालतं म्हणून सांगितलं.”

या माणसाशी लग्न का केलं ते कधीकधी आठवतं.

८ ऑगस्ट, मंगळवार

विक भांडं परत द्यायला आला. धुतलेलं. मागच्या पायरीवर बसला. मी टोमॅटो आणि मीठ आणून ठेवलं. बराच वेळ त्याने हात लावला नाही.

मग म्हणाला, “ती ओळ तुला कुठून कळली?” मी बर्नीच्या टेपांचं सांगितलं. माफी मागितली. त्याने हात झटकला. “तू चुकली नाहीस. चूक त्या ओळीतच आहे.”

आठवेल तसं लिहून ठेवते.

डॅनी तेव्हा काउंटीचा मिठाचा ट्रक चालवायचा. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकायचं, वर बारमध्ये वाजवायचं. त्या रात्री विकच्या पहिल्या बायकोने त्याला घराबाहेर काढलं. चूक विकचीच होती, तो म्हणाला. बर्फात चालत डॅनीच्या दारी गेला. डॅनी दोन पाळ्या करून नुकताच आडवा झालेला. “पहिल्या टकटकीला दार उघडलं, मार्लीन. जागाच होता. मला कोरडे मोजे दिले. सकाळपर्यंत समोर बसून राहिला. मग तसाच न झोपता कामावर गेला. आणि मी त्याच्याच टेबलावर बसून गाणं लिहिलं, की मी दार वाजवलं आणि तो झोपला होता.”

मी विचारलं, का?

“एकट्या माणसाचं गाणं लोकांना आवडतं. मोजे देणारा भाऊ असला की गाणं होत नाही, असं मला वाटायचं. पोरगा होतो.”

बारमध्ये ते रोज गायचं. शेजारी डॅनी उभा. एक शब्द बोलला नाही. वसंतात एका रात्री गिटार खोक्यात ठेवली, म्हणाला, ‘मी जागा होतो, विक.’ आणि गेला. रेकॉर्डवर विकने नाव काढून टाकलं, पण तोवर डॅनी मार्बलहेडला पोचला होता. अजून तिथेच आहे. होड्या भाड्याने देतो. इथून तासाभरावर.

माझं सगळ्यात आवडतं गाणं. आई गेली तेव्हा याच गाण्याने मला धरून ठेवलं. आणि ते खोटं आहे. राग आला त्याचा, खरंच आला. तो माझ्यासमोर मान खाली घालून टोमॅटोला मीठ लावत होता, आणि राग गेलाही.

१० ऑगस्ट

विकला टेप ऐकायची होती. बर्नी आली, कॅसेटा छातीशी धरून. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि बाई चक्क पावडर लावून आलेली. विकशी पहिलं वाक्य काय बोलली? “माझ्या जुन्या मशीनमध्ये दोष होता. दुसऱ्या कडव्यात बास जातो, त्याबद्दल आधीच माफी मागते.”

लावली. स्वयंपाकघरात, टेबलावर. ती ओळ आली. बास गेला. पुढच्या ओळीला परत आला.

विक म्हणाला, “दुसरी लाव.”

दुसरी. तिसरी. तेच. तीन वेगळे दिवस, एकच ओळ, तेवढीच शांतता.

विकने टेबलाची कड धरली होती. “हे मशीन नाही,” तो म्हणाला. “तो हात काढून घ्यायचा. त्या ओळीला तो वाजवतच नव्हता. मी शेजारी उभा असायचो आणि मला कधी ऐकू आलं नाही.”

वॉल्टने उठून कॉफी ओतली.

मग बर्नी, अगदी बारीक आवाजात, “म्हणजे माझं मशीन चांगलं होतं?”

विक आधी हसला, मग रडला. बर्नी पण. तेहतीस वर्षं बिचारी त्या मशीनची लाज बाळगून होती.

१३ ऑगस्ट

ठरलं — स्क्रीन काढायची. विकने स्वतःच फोन करून सांगितलं. “सव्वीसला मला तू समोर हवीस.”

म्हटलं, ओळ कुठली देऊ?

म्हणाला, “गाव. तीच दे. लोकांना तीच माहीत आहे.”

१९ ऑगस्ट

टेसचा फोन. विक या आठवड्यात दोनदा मार्बलहेडला जाऊन आला. दोन्ही वेळा होड्यांच्या दुकानासमोर गाडी उभी केली, बसला आणि परत आला. दार काही वाजवलं नाही!

ज्या माणसाने दार वाजवण्यावर जन्मभर पोट भरलं, त्याला दार वाजवता येत नाही.

टेसने काकाच्या नावाने लोरेनचं एक तिकीट फाटकावर ठेवलंय. तसा निरोप होड्यांच्या दुकानात फोनवर दिला. पलीकडून कुणीतरी “बरं” म्हणालं. काका होता की नोकर, तिला सांगता येईना. तिने काकाचा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

विकला यातलं काही सांगितलेलं नाही. उगाच आशा नको म्हणून.

मला मात्र आहे, आशा. माझा स्वभावच तो. एरवी कुणी इतकी वर्षं रांगेत उभं राहतं का?

२६ ऑगस्ट, शनिवार

लोरेन. धक्क्याजवळचं मैदान. हातावर दोन नंबर, अजून धुतलेला नाही.

दुपारी बसजवळ विक भेटला. मी विचारलं, “गावच ना?” तो म्हणाला, “आठवली तर मीच म्हणेन. नाही आठवली तर तू आहेस.” आणि माझा खांदा दाबला. त्याचा अर्थ काय लावायचा? मी आपली मनात ‘गाव, गाव’ घोकत कठड्याशी जाऊन उभी राहिले. टेस फाटकावरून येऊन ‘नाही’ अशी मान हलवून गेली. तिकीट तसंच पडलंय.

संध्याकाळचं ऊन सरोवरावरून थेट स्टेजवर. विक काय गायला! मधल्या गाण्यांना एकही जण जागचा हलला नाही. पिझ्झावाला स्वतः गाडी सोडून पुढे आला. मी आवाज न काढता घसा सुकवून घेतला.

मग ‘सॉल्ट ट्रक’.

दुसरं कडवं. अडला. माझ्याकडे वळला. आणि ऊन त्याच्या डोळ्यांत! हात आडवा धरला, मान वाकडी केली, पुढे आला. मला कळलं, त्याला मी दिसतच नाहीये. माइकवरच म्हणाला, सगळ्यांसमोर, अगदी घरात बोलावं तसं, “मार्लीन, दिसत नाही. मोठ्याने सांग.”

एका बाजूला बर्नी आणि तिची टोपी, दुसऱ्या बाजूला लोकांचा डोंगर. बँड तेच दोन सूर फिरवत थांबलेला. ‘गाव’ ओठावर तयार होता. एक शब्द आणि सगळं ठीक. विक माझा मित्र राहील, रविवारी टोमॅटो खायला येईल. मागच्या वेळी त्या नावाने काय झालं ते मला चांगलं ठाऊक होतं.

आणि मला ते मोजे आठवले.

ओरडले मी. जन्मात पहिल्यांदा. “दार वाजवलं, डॅनी जागा होता!” आवाज चिरका, बेसूर, मलाच ओळखू आला नाही.

विक हलला नाही. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं, संपलं, घालवला मी त्याला परत. मग त्याने डोळे मिटले आणि गायला. ‘दार वाजवलं, डॅनी जागा होता.’ आणि त्याच्यापुढे गाण्यात नसलेली एक ओळ, तिथल्या तिथे, अडखळत — ‘कोरडे मोजे दिले त्याने, उजाडेपर्यंत बसला.’ चालीत बसत नव्हती. त्याने बसवली.

मोजे देणारा भाऊ असला की गाणं होत नाही म्हणे! मागची माणसं रडत होती.

शेवटी बसच्या पायरीवर त्याने मला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. म्हणाला, “पुढच्या वर्षी कुठे कुठे जायचं ते टेसला विचार.” पुढच्या वर्षी! टेसने फाटकाकडे बघितलं. तिकीट तिथेच होतं. कुणी आलं नाही. एवढा एकच सल.

परतताना बर्नी गाडीत फुगून बसलेली. मला वाटलं, माझ्या ओरडण्यामुळे. “तुझं एक वेळ सोड,” ती म्हणाली. “माझ्या पलीकडे एक दाढीवाला म्हातारा येऊन उभा राहिला. मासेमाराची टोपी, तिच्यात खिडकीवर घेतलेलं तिकीट खोचलेलं. हातावर नंबर नाही, काही नाही! पूर्ण कार्यक्रम कठड्यावर बोटं बडवत होता. दोनदा गप्प केलं त्याला. टेपची पार वाट लागली असणार.”

२९ ऑगस्ट

बर्नी टेप घेऊन आली. विकही होता, रोल खात. लावली. गाण्याच्या खाली ठक ठक ठक — म्हाताऱ्याची बोटं. बर्नी कपाळाला हात लावून बसली. दुसरं कडवं. माझं किंचाळणं. मग विकचा आवाज, ती ओळ. आणि बोटं थांबली नाहीत. त्या ओळीखालून चालतच राहिली, सरळ, पुढच्या ओळीत. त्यानंतर बर्नीच्या टोपीतल्या माइकच्या अगदी जवळ एक घोगरा आवाज, “हां. आत्ता बरोबर आहे.” आणि बर्नीचं “श्श!”

विकने काटा खाली ठेवला. म्हणाला, “वॉल्ट, गाडी काढ.”